गाव कोसाड

"बेन, तमे कया गामनां?"

कोसाड स्टेशनच्या बाकावर शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं. त्यांच्या मांडीवर पापडीची पिशवी होती आणि बोलता बोलता शेंगांच्या शिरा काढणं चालू होतं. मी सवयीनं म्हणाले, "अमळनेर." आजींनी मान हलवली. "ए तो वतन थयुं. गाम कयुं?" ते तर तुमचं मूळ ठिकाण झालं, गाव कोणतं ते सांगा. तेवढ्यात भरूचकडे जाणारी मेमू आली, आजींनी शिरा पदरात गोळा केल्या नि चढल्या. माझं उत्तर राहून गेलं.

अकरा वर्षं मी या भागात राहते. वीजबिल इथलं, मतदान इथलं, भाजीवाल्याशी रोजची बोलाचाली इथली. तरीही "गाव कोणतं" म्हटलं की जिभेवर अमळनेर येतं. वडील तिथून ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं सुरतेला आले, उधन्याला लूमवर लागले आणि इथलेच झाले. अमळनेरला आता आमचं घर नाही. एक भिंत उभी आहे, तीही दुसऱ्याच्या अंगणात. तेच माझं गाव!

सत्तावीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. दर जूनला पहिल्या दिवशी मुलांना उभं करून नाव आणि गाव विचारायची. शहादा, शिरपूर, दोंडाईचा, चोपडा, एरंडोल, पारोळा अशी उत्तरं खणखणीत यायची. वर्गातली बहुतेक मुलं सुरतेतल्याच दवाखान्यात जन्मलेली. कुणी त्या गावी दोनदा गेलेलं, कुणी लग्नापुरतं एकदा. एकानंही कधी लिंबायत, डिंडोली किंवा कोसाड म्हटलं नाही, आणि मीही कधी थांबवून विचारलं नाही की बाळा, तू राहतोस ते काय? मुळांचा अभिमान असावा म्हणून मी ते चालू दिलं. त्या अभिमानात मुलांच्या पायाखालची जमीन बिननावाची राहिली, हे मला त्या बाकावर कळलं.

म्हणून आज कोसाडबद्दल लिहिते.

सुरत स्टेशन सुटलं की गाडी तापीचा पूल ओलांडते. मग उत्राण, मग कोसाड, पुढे गोठणगाम, सायण, किम. मुंबई-अहमदाबाद जलद गाड्यांच्या खिडकीतून कोसाडची पाटी वाचून होत नाही, इतक्या वेगानं त्या निघून जातात. पॅसेंजर तेवढी थांबते. पण या रुळांचं वय ऐकलं तर आपण क्षणभर बाकावर सरळ होऊन बसू. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६० मध्ये, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बीबीसीआय रेल्वेनं आपला पहिला तुकडा सुरू केला तो अंकलेश्वर ते उत्राण, २९ मैलांचा. मुंबईशी जोडणी व्हायची होती, तापीवरून गाडी जायची होती, त्याच्या आधीच हा लोहमार्ग कापसाच्या मुलखातून कोसाडच्या शिवारातून गेला होता. आजची पश्चिम रेल्वे ज्या रुळांवरून वाढली, ते पहिले रूळ या गावानं पाहिलेले आहेत. मी इतकी वर्षं शाळेत रेल्वेचा धडा शिकवला. बोरीबंदर सांगितलं, ठाणं सांगितलं. मुलांच्या घरामागून जाणाऱ्या रुळांचं वय मात्र सांगितलं नाही.

स्टेशनकडून जुन्या गावात शिरलं की शहराचा आवाज मागे पडतो. दक्षिण गुजरातच्या गावांची मांडणी फळियांची असते. आपल्याकडे आळी म्हणतो तसं फळियुं. घरांना बाहेर ओटला, त्यावर सागाचे खांब, वर मंगळुरी कौलं, आणि उघड्या दारातून दिसणारा पितळी कड्यांचा झोपाळा. संध्याकाळी ओटल्यावर बायका बसतात, हातात पापडी नाहीतर तूरशेंगा. गावाच्या कडेला हळपतीवास. या भागातल्या बहुतेक गावांना तो आहे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात 'हाळी' म्हणून बांधलेली माणसं ही. कर्जापोटी बापानं स्वतःला बांधून घ्यायचं आणि ते जू मुलाच्या मानेवर यायचं. त्यांना आधी दुबळा म्हणत. गांधीजींच्या मार्गानं काम करणाऱ्यांनी हळपती हे नाव रुळवलं, म्हणजे नांगराचे धनी. गावाचं कौतुक करताना हा कडेचा वास विसरला तर ते कौतुक अर्धं राहतं, कारण हिरवं शिवार ज्यांच्या हातांनी उभं राहिलं त्यांची घरं तिथं आहेत.

शिवार अजून पुरतं संपलेलं नाही. कोसाड ओलांडून गोठण-सायणकडे गेलं की ऊस लागतो, भात लागतं, कालव्याचं पाणी झुळझुळतं. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला आणि तापीचं पाणी कालव्यांनी या पट्ट्यात आलं. त्याआधी पावसावरची ज्वारी-कापूस, नंतर बारमाही ऊस. पाणी आलं की पीक बदलतं, पिकामागून गावाची चाल बदलते. ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या खानदेशातून, डांगातून टोळ्या येतात, शेताच्या कडेला पाचटाची खोपटं उभी राहतात. त्या खोपटांतून अहिराणी ऐकू आली की पाय आपोआप थांबतात.

आणि थंडीत पोंक. आपण हुरडा म्हणतो तोच, पण सुरतेनं त्याचा सोहळा केला आहे. वाणीची, म्हणजे खास हुरड्याच्या ज्वारीची, हिरवी कणसं भट्टीच्या निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच कापडात गुंडाळून काठीनं बडवायची, मग सुपात पाखडून कोंडा उडवायचा. खाली उरतात ते पाचूसारखे मऊ दाणे. त्यावर लिंबू-मिरीची शेव आणि साखरिया. भट्टीवर बसलेल्या बाईच्या हाताकडे मी एकदा बराच वेळ पाहत होते. कणीस निखाऱ्यात किती वेळ ठेवायचं हे ती डोळ्यांनी ठरवत नव्हती. दाणा फुटल्याचा आवाज ऐकून ती काढत होती. माझी आजी अमळनेरच्या शेतात शेणीच्या आगटीवर हुरडा भाजायची, तीही अशीच कान देऊन. तेव्हा वाटलं, शेव आणि साखरिया बाजूला ठेवले तर या दोन गावांमध्ये वेगळं काय आहे?

शेजारची गावं मोजायला लागलं की नकाशा बोलायला लागतो. अमरोली, छापराभाठा, वरियाव, उत्राण, मोटा वराछा, गोठण. त्यात एक भरथाणा. सुरतेच्या आसपास भरथाणा दोन आहेत, एक वेसूजवळ आणि एक कोसाडजवळ. म्हणून कागदोपत्री आणि बोलण्यात या भरथाण्याला शेजाऱ्याच्या नावाने ओळखतात, भरथाणा-कोसाड. आपल्याकडे पिंपळगावं कितीतरी, म्हणून पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर अशी नावं पडली. तसंच हे. एखाद्या गावाचं नाव दुसऱ्या गावाला ओळखीसाठी लावावं लागतं, म्हणजे ते गाव पंचक्रोशीत वजनदार होतं. आज कोसाड म्हटलं की सुरतकरांना आठवतात ती आवासाची घरं. एके काळी ते शेजाऱ्याला ओळख देणारं गाव होतं.

२००६ हे वर्ष कोसाडच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी आलं. त्या वर्षी सुरत महापालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली आणि कोसाड शहरात आलं. त्याच वर्षी ७ ऑगस्टला पूर आला. तापीवरच्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. नदीकाठच्या, खाडीकाठच्या झोपडपट्ट्या पहिल्यांदा बुडाल्या आणि शेवटी कोरड्या झाल्या. पुढच्या काही वर्षांत जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून कोसाडच्या शेतजमिनीवर चार-चार मजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि काठावरची कुटुंबं इथं हलवली गेली. हे कोसाड आवास. एच-वन, एच-टू अशी अक्षर-आकड्यांची नावं. बसच्या पाटीवर तेच आणि मुलांच्या तोंडीही तेच.

पक्कं घर मिळालं, डोक्यावर स्लॅब आला, पुराची धास्ती गेली, हे मोठंच. पण त्याची किंमत माणसांनी मोजली. ज्या बायका पूर्वीच्या वस्तीतून चालत धुण्याभांड्याच्या कामाला जायच्या, त्यांना आता रोजचं बसभाडं आणि दोन तास. कितींची कामं सुटली. मग घरातच साडीवर टिकल्या-खडे चिकटवण्याचं, लेस लावण्याचं, धागे कापण्याचं काम आलं. नगावर पैसे. दुपारी जिन्यात बसलेल्या बायकांच्या बोटांना चिकटलेला गम मी रोज पाहते. त्यांच्यात मराठी आहेत, उडिया आहेत, उत्तर प्रदेश-बिहारच्या आहेत, गुजराती आहेत. काम हातात आणि प्रत्येकीच्या तोंडी आपापलं 'गाव'.

आमची खानदेशी माणसं इथं नांदतात ती आपल्या रीतीनं. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे वाळतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांचा दरवळ चारही मजल्यांवर जातो आणि सोमवारी कानबाईची मिरवणूक पाण्याकडे निघते. पहिल्या वर्षी उडिया शेजारणी दारातून बघत होत्या. आता त्या आरतीला असतात आणि त्यांच्या रथयात्रेला आमची मुलं पुढे. एका जिन्याला इतके सण हे वैभवच आहे. पण विसर्जनाला कुठल्या पाण्याकडे जायचं, तो ओढा कुठून येतो, त्या पाण्याचं पुढे काय होतं, हे विचारलं तर आम्हा मोठ्यांनाही सांगता येत नाही.

खरं तर इथलं तापीचं पाणी आपलंच आहे. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, चांगदेवला पूर्णेला भेटते, भुसावळजवळून वाहते, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराजवळून जाते, प्रकाशाला गोमाईला घेते, उकाईत थांबते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करत सुरतेहून समुद्राला मिळते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी जळगावात लागली की सुरतेत माणसं उकाईची पातळी विचारायला लागतात. ३४५ फूट हा आकडा इथल्या रिक्षावाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, कारण उकाई तेवढी भरली की धरण भरलं. तापीवरच्या कॉजवेवर पाणी सहा मीटरच्या वर गेलं की रांदेर-सिंगणपूर वाट बंद. अमळनेरच्या वरच्या अंगाला पडलेला पाऊस वाहत वाहत कोसाडच्या उंबऱ्याशी येतो. वडील गाडीनं आले तेच अंतर नदी कधीपासून चालते आहे. मग "माझं गाव तिकडं" आणि "मी राहतो इकडं" असे दोन तुकडे पाडायचे कशाला?

इंग्लंडात हॅम्पशर परगण्यात सेलबर्न नावाचं एक खेडं आहे. गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक साधा पाद्री १७२० मध्ये तिथं जन्मला, शिक्षणाचे आणि इतर मुक्कामाचे काळ सोडले तर जन्मभर त्याच पंचक्रोशीत राहिला आणि १७९३ मध्ये तिथंच गेला. त्यानं काय केलं? गावाभोवती फिरला आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. कुठला पक्षी कोणत्या दिवशी आला, पाऊस किती पडला, गांडूळ जमिनीला काय देतं. दिसायला सारखे असणारे तीन इवले पर्णवटवटे आवाजावरून वेगळे आहेत, हे त्यानं ओळखलं. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून त्याचं सेलबर्नच्या निसर्गावरचं पुस्तक झालं, १७८९ मध्ये छापलं गेलं आणि सव्वादोनशे वर्षं उलटून गेली तरी वाचलं जातं. सेलबर्न एवढंसं, कुठल्याही खेड्यासारखं. तिथं राहणाऱ्या एका माणसानं ते नीट पाहिलं, म्हणून जग त्याला ओळखतं.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. महसूल खात्यात नोकरी करत हिंडलेल्या माणसानं गावातलं एकूण एक चाक उघडून दाखवलं. त्यात वतन हा शब्द पानोपानी भेटतो. कोसाडच्या आजींनी वतन म्हटलं ते मूळ ठिकाण या अर्थानं, गुजरातीत तो तसाच रुळला आहे. मराठीत वतन म्हणजे हक्क, आणि त्या हक्काला जोडून आलेलं काम. पाटलानं गावाची व्यवस्था पाहायची, कुलकर्ण्यानं दप्तर राखायचं, बलुतेदारांनी आपापली सेवा द्यायची. त्या व्यवस्थेनं जातीजातीला जखडलं, महार वतनानं तर माणसांना अर्ध्या भाकरीवर दिवसरात्र राबवलं. बाबासाहेब आंबेडकर त्याविरुद्ध १९२८ पासून मुंबईच्या कायदेमंडळात लढले. ती वतनं गेली हे चांगलंच झालं, ती परत नकोत. पण शब्दाच्या पोटातला एक दाणा वेचून घ्यावा असं मला वाटतं. जिथं राहतो तिथल्या जमिनीवर आपला हक्क आहे, आणि म्हणून तिथलं कामही आपल्याकडे लागू आहे. जातीवरून वाटून दिलेलं काम नव्हे. राहतो म्हणून आपणहून उचललेलं काम.

या अर्थानं आवासातल्या प्रत्येक बाईचं वतन आज कोसाडला आहे. आणि या वतनाचं पहिलं काम म्हणजे आपला परिसर ओळखणं. ज्याला खाडीचं नाव माहीत नाही तो तिच्यात पिशवी टाकायला कचरणार नाही. ज्यानं झाडाची शेंग खाल्ली आहे तो ते तोडू लागल्यावर निदान का म्हणून विचारेल.

आमच्या मजल्यावर सहावीतली एक मुलगी आहे. गेल्या महिन्यात शाळेनं 'माझे गाव' हा निबंध दिला. तिनं शिंदखेड्यावर लिहिला, आईला विचारून. ती दोनदा तिकडे गेली आहे. मी म्हटलं, तो ठेव, आणि रविवारी माझ्याबरोबर चल.

आम्ही सकाळी सातला निघालो. आधी स्टेशन. तिनं पाटीवरचं नाव तिन्ही लिप्यांत वहीत उतरवलं, आणि एक मालगाडी गेली तिचे डबे मोजले, पंचेचाळीसला चुकली. मग जुनं गाव. एका ओटल्यावरच्या काकांनी त्यांच्या घराच्या खांबाला हात लावून दाखवलं, हा आजोबांनी व्याऱ्याच्या सागाचा आणला. तिनं दोन्ही हातांनी खांबाला कवळ घालून पाहिली, बोटं पोचेनात. हळपतीवासाच्या तोंडाशी एक काटेरी झाड होतं, खाली गुलाबी-पांढऱ्या वळ्यांचा सडा. पोरीला नाव ठाऊक नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईनं "गोरसआंबली" सांगितलं, आणि फांदी वाकवून एक शेंग सोलून तिच्या हातावर ठेवली. मी म्हटलं, आपण हिला विलायती चिंच म्हणतो. पोरीनं वहीत दोन्ही नावं लिहिली, एकाखाली एक. पुढे कालव्याच्या पाटावर काळे शराटी चिखलात चोची खुपसत होते. उन्हं चढेपर्यंत आम्ही तिथं बसलो.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुम्ही सुरतेत असा, पिंपरीत असा, कल्याणच्या पलीकडच्या नव्या सोसायटीत असा. तुमच्या इमारतीखाली काल एक गाव होतं, आणि शेजारी अजून थोडं शिल्लक आहे. एका रविवारी मुलांना घेऊन पायी निघा. जुन्या वस्तीतल्या वयस्कर माणसाशी बोला. ओढ्याचं नाव विचारा, तो कुठे जातो ते पाहा. पाच झाडांची दोन-दोन नावं लिहून घ्या. मूळ गाव मनात जपाच, त्यानं काही कमी होत नाही. पण कुणी "गाव कोणतं" विचारलं तर मुलांना राहत्या जागेचं नावही मान वर करून सांगता यायला हवं.

त्या मुलीनं निबंध नव्यानं लिहिला. काल दाखवायला आणला होता. पहिली ओळ अशी आहे: माझे गाव कोसाड, ते तापीच्या उत्तरेला आहे.